हाफटाइमच्या बँडमध्ये वैशाली

मंडळी, लॅबच्या टर्मिनलवर बसलेय आणि खरं सांगते, जळतेय.

आज युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल मॅचला हाफटाइममध्ये बँड मैदानात उतरला आणि त्यात माझी रूममेट वैशाली! ती ड्रम वाजवत होती आणि अख्खं स्टेडियम उभं राहून युनिव्हर्सिटीचं गाणं गात होतं.

नागपूरला शाळेच्या बँडमध्ये मीही ड्रम वाजवायचे. इथल्या बँडच्या ऑडिशनच्या दिवशी वैशाली म्हणाली होती, "चल ना यार, दोघी जाऊ." मीच म्हटलं, "आपल्याला कोण घेणार?" आणि गेले नाही.

मॅचनंतर ती धावत आली. "पुढच्या वर्षी तूही ये!"

पुढच्या वर्षी माझी डिग्री झालेली असेल, मी इथे नसेन. तिला मिठी मारून "मस्त वाजवलंस" म्हटलं, पण मनापासून नाही.

तुमचं कधी असं झालंय?