पलंगाखालचा वजनकाटा

थंडीत सह्याद्रीतून वीस दिवस चालायचं, म्हणून सगळं सामान पलंगावर मांडलं होतं. सॅक पाठीवर घेऊन मी वजनकाट्यावर चढत होतो आणि उतरून काहीतरी कमी करत होतो. जाड पुस्तक गेलं, जादाचा टॉर्च गेला, टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. शेवटी बायकोनं विणलेला स्वेटर हळूच बाजूला सारला.

ती दारातच उभी होती. म्हणाली, “अहो, आणि पोटावरचे ते सहा किलो कुठे काढून ठेवणार?”

मला हसू आवरेना. खरंच, जिने चढताना, भाजी आणताना ते सहा किलो मी वर्षानुवर्षं वाहतोय आणि कधी जड वाटले नाहीत. स्वेटरसारखे तेही तिच्याच हातचे.

मी स्वेटर पुन्हा सॅकमध्ये भरला आणि काटा पायानं पलंगाखाली ढकलून दिला.