चहाच्या ट्रेवरची हलगी

थोबाडीत बसली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता. त्यावर सोळा भरलेले कप. त्यामुळं गाल चोळायचीही सोय नव्हती. कप गेले गादीवर, चहा गेला एका बाईंच्या पैठणीवर, आणि मी म्हणालो, "माफ करा साहेब." मारही मीच खाल्ला अन् माफीही मीच मागितली. असला शहाणा मी.

मारणारे वकीलसाहेब. औरंगाबादेतल्या एका संगीत मंडळाचे सचिव. मी नाट्यगृहात रोजंदारीवर. वय सव्वीस, लग्न झालेलं. त्या हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शास्त्रीय गाण्याची बैठक असायची. मोठ्या थिएटरात नाही, बाहेरच्या फॉयरमध्ये, जवळून ऐकता यावं म्हणून. सत्तर-ऐंशी माणसं. पांढऱ्या गाद्या, लोड, तक्के. गाद्या मी घालायचो, चादरीला सुरकुती ठेवायचो नाही, आणि मग भिंतीला टेकून उभा राहायचो. गादीवर बसू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं, हेच वाईट.

माझा गुन्हा एवढाच. पुण्याहून आलेल्या तबलजीनं तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा वाजवून नेमकं समेवर येऊन आदळायचं, ती तिहाई. हा गडी एक मात्रा आधीच आदळला. पुढच्या रांगेनं "क्या बात है" म्हणत माना हलवल्या. माझ्या तोंडून निघालं, "चुकलं."

हळू म्हणालो होतो. पण फॉयरमध्ये लई घुमतं.

मग ती थोबाडीत. वर वकीलसाहेब म्हणाले, "तुला काय कळतं रे? मढ्यापुढं बडवणारे तुम्ही." तेवढ्यावर भागलं नाही. पडलेला ट्रे उचलून त्यांनी माझ्या छातीवर आपटला. "वाजवून दाखव. कळू दे सगळ्यांना."

आणि मी वाजवला. इथं माझ्या अकलेला सलाम. नाकातलं रक्त ट्रेवर टिपकतंय, अन् मी ट्रे पोटाशी धरून असा वाजवला की लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, मग टाळ्या पडल्या. गायकानं काढून ठेवलेला हार वकीलसाहेबांनी माझ्या गळ्यात टाकला. पुन्हा हशा. मी तो हार घरी नेऊन खिळ्याला टांगला.

जायच्या आधी तबलजी मला हात धुवायच्या जागी भेटला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "तू बरोबर होतास." गादीवर मात्र मिठाची गुळणी धरून बसला होता.

पुढच्या महिन्यापासून ते माझं कामच झालं. मध्यंतरात चहा वाटून झाला की वकीलसाहेब चुटकी वाजवायचे. मी ट्रे पालथा करायचो. कुणी म्हणायचं वरातीचं वाजव, कुणी म्हणायचं पोळ्याचं. मला वाटलं, मान मिळतोय. मी नवा कुर्ता शिवून घेतला. बायको म्हणाली, ते लोक हसत असतील तुम्हाला. मी म्हणालो, तुला काय कळतं? वकीलसाहेबांचं वाक्य, माझ्या तोंडात.

शेवटच्या बैठकीला मी गावाहून बापाला बोलावलं. सांगितलं, आपला प्रोग्राम हाय.

बाप एकेकाळचा हलगीवाला. निजाम गेला, रझाकार गेले, पण आमच्या गावचा पाटील जागच्या जागी होता. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी आमच्या वस्तीनं ठरवलं, हलगी बंद. बापानं आपली हलगी चावडीपुढं जाळली. त्याच आठवड्यात पाटलाच्या घरी लग्न होतं, बाप वाजवायला गेला नाही. पाटलाच्या माणसांनी बापाचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं तीन बोटं ठेचली. ती वाकडीच राहिली. हलगी सुटली, हात काही सुटला नाही. रिकामा बसला की बापाची उरलेली बोटं बाजेच्या लाकडावर वाजायची. मोजणी मी तिथं शिकलो.

तो आला. धुतलेलं धोतर, अनवाणी. भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्याच जागेवर.

मध्यंतर झालं. चुटकी वाजली. मी ट्रे पालथा केला. वकीलसाहेब म्हणाले, "आज शेवटची बैठक. मढ्यापुढचं होऊ दे." लोक हसले. मी हात उचलला.

बाप भिंतीपासून सुटला. मातीच्या पायांनी गाद्यांवरून सरळ चालत आला. ती तीन बोटं त्यानं ट्रेवर ठेवली.

"ह्याच्यासाठी मोडून घेतली व्हय रं मी?"

वकीलसाहेबांनी त्याला दंडाला धरून ढकलला. म्हणाले, म्हाताऱ्याला बाहेर काढा, गाद्या खराब करतोय. बाप लोडावर आडवा पडला.

मी ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि वकीलसाहेबांच्या तोंडावर घातला. जन्मात मात्रा न चुकणारा मी नेमका तिथं चुकलो. ट्रे त्यांच्या कानाला चाटून मागच्या आरशावर गेला. आरसा खाली आला. मग सिल्कचे कुर्ते माझ्यावर आले, पाच-सहा. एकाच्या अंगठीनं ओठ फाटला. एकाच्या गुडघ्यानं दात गेला. बडवायला त्यांनाही येत होतं, फक्त लय नव्हती. मी खाली पडून एकच म्हणत होतो, "नाय वाजवणार." शेवटी शेवटी ते माझ्यावर नाही, त्या दोन शब्दांवर लाथा घालत होते. शब्द काही मोडले नाहीत.

काम गेलं. दोन दिवस कोठडीत काढले. घरी आल्यावर वाळलेला हार खिळ्यासकट उपटला, चुलीत घातला. पुढं वाळूजला कंपनीत लागलो, बजाजनगरात खोली केली.

पुढच्या हिवाळ्यात तिकीट काढून गेलो. पहिल्या रांगेत, गादीवर, मांडी घालून बसलो. इतकी वर्षं झटकलेली गादी किती मऊ असते ते तेव्हा कळलं. शेजारचे सरकले. सरकू दे. ऐसपैस झालं. वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. नजर त्यांनी वळवली.

दर वर्षी जातो. समेवर मांडीवर थाप मारतो. चुकलं तर चुकलं म्हणतो, आणि आता हळू म्हणत नाही. ज्याला हात उगारायचा त्यानं उगारावा. माझ्या आयुष्यात एकच मात्रा चुकली, ती त्या आरशावर गेली. दुसरी चुकणार नाही.