टाकीकाकूंची वीस मिनिटं

आमच्या थोरल्या काकूंच्या घरात कुणालाही सरळ आत जाता येत नसे. माणूस उन्हातून आलेला असो, नाही तर लातूरच्या बसमधून नुकताच उतरलेला असो, त्याला आधी व्हरांड्यातल्या बाकावर वीस मिनिटं बसवलं जाई. पाचेक मिनिटांनी वाटीभर पाणी बाहेर येई. मग थोडा चिवडा. मग काका बाहेर येऊन दोन वाक्यं बोलत आणि परत आत जात. वीस मिनिटं पुरी झाली की काकू दार सताड उघडून म्हणत, "या आता. झालं तुमचं पाणी आमच्यासारखं." नवा माणूस पार गोंधळून जाई. जुने लोक मात्र वाचायला काहीतरी बरोबर घेऊनच येत.

याचं मूळ होतं त्यांच्या माशांच्या टाकीत. त्या टाकीमुळेच हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना टाकीकाकू म्हणत. आम्ही माडीवर राहायचो आणि काका-काकू खाली. काकांच्या ऑफिसातल्या एका साहेबानं बदली होऊन जाताना ही पाच फुटी काचेची टाकी काकांच्या गळ्यात मारली. काकूंनी हौसेनं आबिड्सच्या बाजारातून सहा मासे आणले, पिशवीची गाठ सोडून टाकीत ओतले, आणि संध्याकाळपर्यंत सहाही उताणे झाले. काकू डोळे पुसत परत दुकानात गेल्या. दुकानदार रहीमभाईंनी त्यांना स्टुलावर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "अम्मा, थैली कू वैसाच पानी पो तैरने देव, बीस मिनट. फिर टाकी का पानी थोड़ा थोड़ा थैली में. हल्लू. नवा पानी एकदम नक्को. मेहमान है ना बिचारा." काकूंनी दुसरे मासे आणले, त्यांची पिशवी आधी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, आणि 'मेहमान' हा शब्द त्यांच्या डोक्यात जो बसला तो कायमचा. माशाला जे लागू तेच माणसाला, हे त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं.

नव्वदीनंतर देशात बाहेरचं सगळं यायला लागलं. आमच्या गल्लीत केबल आली, परदेशी चॉकलेटं आली, आणि रहीमभाईंच्या दुकानात सिक्लिड जातीचा ऑस्कर मासा आला. काळपट अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके, जाड ओठ आणि सतत काहीतरी बिनसल्यासारखा चेहरा. आणला तेव्हा तो बोटभर होता. वर्षभरात पोळपाटाच्या निम्म्यानं झाला आणि त्यानं टाकीतल्या बाकी सगळ्यांना इतकं छळलं, की काकूंनी त्यांना रहीमभाईंकडे माहेरी धाडून दिलं. त्याचं नाव काकांनी ठेवलं, रावबहादूर.

रावबहादूर आणि काकू यांचं एका प्लास्टिकच्या झाडावरून कितीतरी वर्षं भांडण चाललं होतं. काकू रोज सकाळी ते झाड डाव्या कोपऱ्यात रोवायच्या. रावबहादूर दुपारपर्यंत तोंडानं एकेक खडा उचलून ते मोकळं करायचा आणि उजवीकडे ढकलायचा. "त्याला त्याच्या मनासारखं लावू द्या की," असं मी एकदा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "हौ, आणि मग दिवसभर त्यानं करायचं काय? पेन्शनीत निघाल्यासारखा पडून राहील."

आमचं घर शुद्ध शाकाहारी. मासा आमच्याकडे शिजत नसे, फक्त पोहत असे. रावबहादुराला मात्र गांडुळं लागायची. ती गच्चीवर डालड्याच्या डब्यात मातीत ठेवलेली असत. काकू त्यांना 'शिधा' म्हणायच्या, चिमट्यानं वाढायच्या, आणि मग आंघोळ करायच्या. एरवी त्याला गोळ्या, आणि पोट फुगलं तर साल काढलेला उकडलेला मटार. शनिवारी संपूर्ण उपास. "उपाशी मासा मरत नाही गं, लाडानं मरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्या टाकीकडे बघून म्हणायच्या, आणि नेमकं काकांनी तूप मागितलं की म्हणायच्या.

पाण्याची गोष्ट तर विचारूच नका. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि त्यातलं औषध उडून जावं म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवायला लागायचं. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाव पाणी काढायचं आणि हे मुरलेलं पाणी घालायचं. त्यामुळे न्हाणीघरात चार बादल्या कायम भरलेल्या, त्यांच्यावर खडूनं वार लिहिलेले, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. लातूरच्या एका मामांनी चुकून 'गुरुवार' आणि 'शुक्रवार' अशा दोन्ही बादल्यांनी आंघोळ केली. काकूंनी त्यांना जेवायला वाढलं, श्रीखंडसुद्धा वाढलं, पण त्यानंतर दोन दिवाळ्या त्या मामांशी थेट बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते काकांमार्फत.

सगळ्यात पवित्र गोष्ट म्हणजे हवेचा पंप. उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज इतकं कमी असायचं, की खालच्या घरात एक तर टीव्ही चाले नाही तर पंप. क्रिकेटच्या अंतिम सामन्यालाही पंपच चालला आणि गल्लीतल्या बारा लोकांनी शेजारच्यांच्या खिडकीतून मान वाकडी करून सामना पाहिला. लाइट गेली तर सगळ्या घराला कवायत ठरलेली होती. दोघांनी टाकीपाशी उभं राहायचं, तांब्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हात दुखला की पुढच्यानं उभं राहायचं. माझ्या दहावीच्या अभ्यासातला बराचसा भूगोल मी असं पाणी ओततच पाठ केला. "मला एक वेळ डॉक्टर उशिरा आला तरी चालेल, पण पंप बंद पडता कामा नये," असं काकू म्हणायच्या आणि ते आम्हाला खरं वाटायचं.

आता माझं सांगते. शिक्षण झाल्यावर मी एका कॉम्प्युटर कंपनीत लागले आणि तिथे श्रीनिवास भेटला. तेलुगू घरातला, कुकटपल्लीत राहणारा, हसरा, नको तेवढा खरं बोलणारा. घरी सांगितल्यावर बाबांचा पारा चढला. "रविवारी अकराला येऊ दे त्याला. पाच मिनिटांत नाही म्हणून मोकळा होतो," ते म्हणाले. बाबा वीज खात्यात होते आणि शब्दाचे पक्के होते. एकदा तोंडातून 'नाही' निघालं की ते परत घेणं त्यांना जमत नसे, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाबांना दुखवून लग्न करायची माझी हिंमत नव्हती आणि श्रीनिवासला सोडायची इच्छा नव्हती. मी काकूंपुढे बसून रडले. त्या मटार सोलत होत्या. सगळे मटार सोलून झाल्यावर म्हणाल्या, "पाच मिनिटांत? पाच मिनिटांत तर गप्पी मासासुद्धा मरतो."

रविवारी मे महिन्याच्या उन्हात श्रीनिवास आला. माडीवर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, 'नाही' ओठांवर घेऊन तयार. पण जिन्याची वाट काकूंच्या व्हरांड्यातून होती. "बैठो बाबू," काकूंनी त्याला बाकावर बसवलं. वाटीभर पाणी गेलं, तेही आमच्या माडीवरच्या माठातलं, मुद्दाम मागवून घेतलेलं. मग आईनं केलेला चिवडा गेला. मग बाबांनी सकाळी वाचलेला पेपर गेला. आमच्या घराचं पाणी काकू त्याच्या पिशवीत थोडं थोडं घालत होत्या. वर बाबा येरझाऱ्या घालत होते. "अरे, तो आलाय की नाही?"

तेवढ्यात पंखे थांबले आणि खालून काकूंची हाक आली, "भाऊजी, लाइट गेली. रावबहादूर वर आलाय."

आमच्या घरात ही हाक आली की हातातलं सगळं टाकून धावायचं, हे हाडामासात मुरलेलं होतं. बाबा दोन दोन पायऱ्या गाळत खाली गेले, त्यांच्यामागे मी. पाणी तापलेलं, रावबहादूर पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा गिळत होता, आणि टाकीपाशी तांब्या घेऊन श्रीनिवास उभा होता. काकांचा खांदा नेमका त्या दिवशी धरला होता. काकूंनी दुसरा तांब्या बाबांच्या हातात दिला. दोन्ही हात कामात असताना माणसाला रागावता येत नाही. पहिली दहा मिनिटं नुसता पाण्याचा आवाज होत राहिला.

मग श्रीनिवासनं विचारलं, "अंकल, थोड़ा ऊपर से डालूँ क्या?"

"नक्को, उडते," बाबा म्हणाले.

तो खालून ओतू लागला. बाबांनीच जरा वेळानं तांब्या उंच धरला. तेवढ्यात रावबहादुरानं शेपटी अशी काही हाणली, की बाबांचा इस्त्रीचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत भिजला. श्रीनिवासला हसू फुटलं. त्यानं घाबरून ते गिळलं, पण मग बाबांनाच हसू आवरेना. पुढे त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. हात भरून आला होता, तरी तो थांबला नव्हता. "कूर्चो बाबू," बाबा तेलुगूत म्हणाले, "बैस जरा. मी ओततो."

वीस मिनिटं होऊन गेली होती. लाइट आली, पंप गुरगुरला, रावबहादूर तळाशी जाऊन आपल्या झाडामागे लागला. बाबांनी हात पुसले आणि श्रीनिवासला विचारलं, "कुकटपल्लीत तुमच्याकडे पाणी रोज येतं का?" आई हे ऐकून पोहे करायला वर गेली. होकार यायला पुढे महिना लागला, पण त्या दिवशीचा नकार राहून गेला तो गेलाच. जिना चढताना बाबा मला एवढंच म्हणाले, "आज आपल्या भागात कट नव्हता. वेळापत्रक माझ्याच टेबलावरून जातं." मी म्हटलं, "मग लाइट कशी गेली?" ते म्हणाले, "जाते कधी कधी," आणि शर्ट बदलायला गेले.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. काकूंनी मला बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं, "तिकडे गेल्या गेल्या कुणाचं काही बदलायला जाऊ नकोस, आणि स्वतःही बदलू नकोस. पिशवी तरंगू दे." सासरी पहिले काही महिने मी तेच केलं. आवक्कायच्या तिखट लोणच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी हल्लूहल्लू त्यांचं पाणी माझ्यात आलं आणि माझं त्यांच्यात. पुढे श्रीनिवासची बदली झाली आणि आम्ही हैदराबाद सोडलं.

रावबहादूर म्हातारा होऊन गेला. त्याच्यानंतर काकूंनी आणखी दोन ऑस्कर पाळले, पण त्यांना पदव्या दिल्या नाहीत. आणि मग एका उन्हाळ्यात काकूही गेल्या. मला कळायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा सगळं उरकून दोन दिवस झाले होते. व्हरांड्यात शिरले आणि माझी मीच बाकावर बसले. आतून पंपाचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं काका वाटीभर पाणी घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तुझ्या त्या रविवारी सगळ्या घराचा फ्यूज तिनंच काढला होता. स्टुलावर चढून. तांदळाच्या डब्यात लपवला. मी म्हटलं, अगं, इतक्या उन्हात मासा जाईल. तर म्हणाली, गेला तर गेला. पोरीचं व्हायला पाहिजे." काकांनी वाटी माझ्या हातात दिली. "आणि मग देवघरात जाऊन बसली. वीस मिनिटांनी मी फ्यूज परत लावून लाइट येईपर्यंत बाहेर आली नाही. टाकीकडे बघवेना तिला."

ज्या बाईनं कुणासाठी कधी पंप बंद केला नाही, तिनं तो माझ्यासाठी केला होता, आणि इतकी वर्षं मी ते लाइटच्या माथी मारत होते. मी डोळे पुसत आत जायला उठले. काकांनी माझा हात धरला, दारातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस. अजून सात मिनिटं आहेत."