देव हलवायचा न्हाय, सेन्सर हलवायचा

किस्से साठतात कसे, विचाराल तर एसीच्या फिल्टरवर धूळ साठते तसे. रोज काम करताना दिसत नाहीत, आणि एखाद्या दिवशी जाळी काढून झटकावी तर अख्खी खोली भरते! आमच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी हेच चालतं.

आमचं काम जरा उलटं आहे. दुकानं, ऑफिसं, दवाखाने यांचे एसी कमी विजेत कसे चालतील ते आम्ही बघतो. मालक अण्णा, चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले. मी बेळगावातल्या वडगावच्या विणकराची पोर, इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली. अण्णांनी मला कामावर घेतलं तेव्हा घरी सगळे म्हणाले, "पोरगी शिडीवर चढणार?" अण्णा म्हणाले, "मागाचा तुटलेला धागा शोधणारी नजर हाय तिची. मला तीच पायजे." ते वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवलंय.

*

पहिलं मोठं काम शहापुरातलं साड्यांचं दुकान. शेठजी एसी कायम अठरावर ठेवायचे. म्हणायचे, "मॅडम, गारव्यात गिऱ्हाईक खूश असतंय. बघा की, बायका साडी खांद्यावर घेतात ती काढतच न्हाईत. लई पसंत पडत्यात!"

मी बघितलं. बायका कुडकुडत होत्या! साडी पांघरून बसल्या होत्या बिचाऱ्या, आणि मिळेल ती घेऊन पळत होत्या.

आम्ही जाळ्या धुतल्या, छताला पंखे लावले, एसी पंचवीसवर आणला. आठवडाभरात शेठजींचा फोन! म्हटलं, गेलं काम.

"मॅडम, आता बायका उठंनातच! दुपारी आलेल्या दिवे लागले तरी बसल्यात, सगळं कपाट खाली काढायला लावायल्यात. जरासं गार करता येतंय काय?"

*

चिकोडीतली एक पतसंस्था. चेअरमनसाहेब अभिमानानं सांगत होते, "देवाची कृपा बघा! एसी बसवल्यापासून एकदाबी थांबला न्हाय."

मे महिन्यात कॅशियर स्वेटर घालून बसला होता!

एसी थांबायला पाहिजे, अहो. खोली गार झाली की त्यानं गप्प बसायचं असतं. आम्ही वायरिंग तपासलं, मशीन तपासलं, सगळं ठीक. शेवटी अण्णा भिंतीसमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, दमले बहुतेक. बघते तर समोर देव्हारा, त्यात अखंड तेवणारा नंदादीप, आणि बरोबर त्याच्या वर, ज्योतीच्या धगीत, एसीचा सेन्सर! त्या बिचाऱ्याला वाटायचं, खोलीला आग लागलीय.

"चेअरमनसाहेब, तुमचं खरं हाय," अण्णा म्हणाले. "ही देवाचीच कृपा!"

चेअरमन घाबरले. "म्हणजे देव हलवायचा?"

"देव हलवायचा न्हाय. सेन्सर हलवायचा."

*

निनाद पुण्याहून आमच्याकडे नवीन इंजिनिअर म्हणून आला, तेव्हाची गोष्ट. हुशार पोरगा, पण कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. बेळगावातल्या एका ऑफिसात मोजमाप घ्यायला आम्ही दोघं गेलेलो. हा दार सताड उघडं टाकून आत शिरला. टेबलापाशी बसलेल्या बाई ओरडल्या, "बागील हाक्री!"

आता कन्नडमध्ये बागील म्हणजे दार, आणि हाक्री म्हणजे लावा. एवढंच. निनादला वाटलं, कुणा बागीलना हाक मारायला सांगतायत!

मी आत मीटर बघत होते. हा कॉरिडॉरमध्ये. "बागीलसाहेब! ओ बागीलसाहेब!" मग जिना चढून वरच्या मजल्यावर. मागे दार उघडंच, गार हवा सगळी बाहेर! बऱ्याच वेळानं घाम पुसत परत आला आणि बाईंना अदबीनं म्हणाला,

"मॅडम, बागील आज रजेवर दिसतायत."

त्या बाईंनी पोट धरून हसत त्याला चहा पाजला, आणि तिथं जाईल तेव्हा कन्नडचे चार शब्द शिकवायला लागल्या. आज निनाद आमच्या वतीनं कन्नडमध्ये भांडतो. वर्कशॉपचं दार उघडं राहिलं, तर मात्र अजून कुणीतरी म्हणतंच, "बागील रजेवर हाय रं!"

*

अण्णांच्या घरी एसी नाही. एकदा मी वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "व्हता की. त्यांनी इतका सुधारला, इतका सुधारला, की शेवटी लावायची गरजच उरली न्हाय!"

*

हा किस्सा सांगताना मात्र मला थोडी लाज वाटते, कारण त्या दिवशी मी अण्णांवर चिडले होते.

काम मिळत नव्हतं. वर्कशॉप चालेल की बंद पडेल, अशी अवस्था. तेवढ्यात कणकुंबीहून बोलावणं आलं. जंगलात एकानं लॉज बांधलेला, प्रत्येक खोलीत एसी पाहिजे होता. मी जाताना जीपमध्ये गाणी म्हणत गेले!

अण्णा लॉजच्या व्हरांड्यात बसले. समोर झाडी, वारा असा की टोपी उडावी. खोल्यांना मात्र न उघडणाऱ्या काचा, आणि डोक्यावर तापलेला पत्रा.

"उघडणाऱ्या खिडक्या बसवा, जाळी मारा," अण्णा म्हणाले. "पत्र्याखाली छत घाला. एसी नको."

लॉजवाल्यानं विचारलं, "मग तुम्ही कशाला आलासा?"

"हेच सांगायला."

परतताना माझी गाणी बंद. खानापूर आलं तसं राहवलं नाही. "अण्णा, आपण वर्कशॉप चालवतोय का मठ?"

महिना झाला असेल. एका दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "कणकुंबीचा लॉजवाला माझा मेहुणा. तो म्हणाला, एसी नको म्हणणारा एसीवाला बघितला. आमचं सगळं काम तुम्हीच करा."

आमचं वर्कशॉप त्या फोननं वाचलं. मी अण्णांना म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "मठात आरतीला वेळ हाय अजून. चहा सांग!"

*

त्याच दवाखान्यातलं हे. आधीच सांगून टाकते, सगळं सुखरूप झालं, आई आणि बाळ दोघंही घरी गेले. नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल.

एसी म्हणजे खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणारा हमाल. आम्ही ती उष्णता गच्चीवर फेकून न देता पाण्याच्या टाकीत सोडली. वॉर्डाला गरम पाणी मिळालं, आणि गिझर बंद झाले.

काम झाल्यावर आम्ही नळ तपासत होतो. तिथं निपाणीकडच्या एक मावशी तांब्या घेऊन उभ्या होत्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती, पण लेक अत्यवस्थ, आयसीयूत. सिस्टर त्याच पाण्यात कापड भिजवून बाळाला पुसत होत्या.

"गिझर तर बंद हाय," मावशी म्हणाल्या. "मग हे पाणी कशावर तापतंय गं?"

मी सांगितलं. एसी खोल्यांतली उष्णता काढतो, तीच या पाण्यात येते.

"कुठल्या खोल्यांतली?"

"ऑपरेशन थिएटरमधली. आणि आयसीयूतली."

"आयसीयूतली बी?"

"व्हय मावशी. तिथल्या माणसांच्या अंगची सुद्धा."

त्यांनी नळाखाली हात धरला. बराच वेळ धरला. मग तांब्या भरून घेतला आणि गेल्या.

आम्ही गच्चीवरचं काम उरकून खाली आलो, तर आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर मावशी बसलेल्या. मांडीवर तांब्या, त्याला दोन्ही हातांनी कवळून.

अण्णांना वाटलं, पाणी तसंच राहिलं. म्हणाले, "मावशी, गार झालं असंल. बदलून आणू?"

"नको. हाय अजून ऊन," मावशी म्हणाल्या. "आत लेकीचा हात धरू देईनात. म्हणून हे धरून बसलोय."