पैलं तुमचं डोकं

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुपवाडजवळच्या आमच्या शाळेलगतच्या रानात तिची मेंढरं बसली होती. ती पाण्याला शाळेत आली, तेव्हा उवा सापडल्या म्हणून मी एका मुलीला वेगळं बसवलं होतं. पोरगी मुसमुसत होती.

ते बघून तिनं कळशी खाली ठेवली. "आवं बाई, एकच मेंढरू धुऊन कळपातली गोचीड जाती व्हय? समद्यांची डोकी बघा. पैलं तुमचं!"

मला पायरीवर बसवून तिनं माझा अंबाडा सोडला. लोकर चाचपावी तशी तिची बोटं फिरली. मग नखावरची ऊ तिनं त्या पोरीपुढं धरली. "बघ, बाईबी आपल्याच कळपातल्या हायत."

पोरगी डोळे पुसत उठली आणि माझ्या मागं येऊन बसली.

"बाई, उरलेल्या मी काढू?"