एका नावाच्या दोन मुली

पोलीस खात्यातली नोकरी सोडून आता काही काळ झाला, पण ती सकाळ मनातून गेलेली नाही. नोकरी का सोडली, तो घरचा विषय आहे. इथे फक्त त्या गुन्ह्याबद्दल लिहिते. नावं कोणाचीच घेत नाही.

सुरतेच्या एका ठाण्यात मी पीएसआय होते. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि गुजराती भरतीच्या परीक्षेसाठी घोटलेली. त्यामुळे ज्या तक्रारीत इंग्रजी कागद किंवा खानदेशी माणसं असत, ती आमचे पीआय साहेब माझ्याकडे ढकलत. मी मुळात कमी बोलणारी. ठाण्यात आल्यावर पहिलं वर्ष याची लाज वाटायची. पुढे लक्षात आलं, की चौकशीत गप्प बसणं हे कामच आहे. समोरच्याला शांतता सहन होत नाही आणि तो ती भरायला लागतो.

त्या दिवशी सकाळी जर्मन भाषेची परीक्षा घेणाऱ्या एका खासगी केंद्रातून फोन आला. बोलणारा व्यवस्थापक गोंधळला होता. "मॅडम, एकच नाव, एकच जन्मतारीख, आणि मुली दोन आल्यात. दोघी म्हणतात, मीच ती."

आमच्या जुन्या हेड कॉन्स्टेबल बेनना घेऊन मी निघाले. त्या जीपमध्ये म्हणाल्या, "जुळ्या असतील. घाईत नावसुद्धा एकच ठेवलं असेल."

केंद्रात दोघी एका बाकावर, मध्ये हातभर अंतर ठेवून बसल्या होत्या. खरी कोण हे कळायला वेळ लागला नाही. एकीजवळ मूळ पासपोर्ट होता. दुसरीजवळ त्याच नावाचं रंगीत छापलेलं आधार कार्ड, त्यावर फोटो तिचा स्वतःचा. यादीत नाव दोनदा आलं होतं, पण केंद्रवाल्यांना ती कॉम्प्युटरची चूक वाटली होती. कार्ड जप्त केलं, पंचनामा केला, दोघींना ठाण्यात आणलं. दुसरीने पळायचा प्रयत्न केला नाही. तिने फक्त परीक्षेच्या हॉलकडे एकदा वळून पाहिलं.

खरी मुलगी नर्स होती. बीएस्सी नर्सिंग करून शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये लागलेली. राहायची कोसाडच्या वसाहतीत, वडिलांबरोबर. आई लहानपणीच गेलेली. वडील मूळ शिरपूरकडचे, रंगाई मिलमध्ये कामाला. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. नोकरी लावून देणारी मधली संस्था सरकारकडे नोंदणी असलेली होती आणि उमेदवाराकडून फी घेत नव्हती. अट एकच, जर्मनची ठरलेली पातळी पास व्हायची. आधी एकदा ती तोंडीत नापास झाली होती. हॉस्पिटल आणखी एकदाच थांबणार होतं.

पीआय साहेबांनी ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "साधी गोष्ट छे, बेन. एकदा नापास झाली, म्हणून तोतया ठेवली. आयत्या वेळी भीती वाटली, म्हणून स्वतः आली. दोघींना आरोपी करा."

शक्यता होती. असं घडतंही. नर्स मुलीला मी समोर बसवलं आणि काहीच विचारलं नाही. तिने पाण्याचा ग्लास हातात धरला, प्यायली नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, माझं नाव गुन्ह्यात आलं तर व्हिसासाठी लागणारं पोलीस क्लिअरन्स मिळणार नाही ना?"

"केस चालू असेपर्यंत अवघड आहे."

"केस किती वर्षं चालते?"

मी समोरची फाइल बंद केली. तिला ते कळलं. "मी काही केलं नाहीये," ती म्हणाली. "माझी आज तोंडी होती. पाठ करून आले होते, आणि पाठ केलेलं विसरून बोलायचं, हेपण पाठ केलं होतं."

दुसरी मुलगी बोलायला सोपी निघाली. कॉमर्सची पदवी, पुढे जर्मनचे क्लास, मग तिथेच शिकवायला लागलेली. एजंट तिला नाव आणि कार्ड द्यायचा आणि ती परीक्षा देऊन यायची. पैसे कोणी दिले, कोणासाठी दिले, हे तिला सांगत नसत.

"तुम्हाला एवढी भाषा येते," मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही गेलात?"

"भाषा आहे, मॅडम, पण त्यांना लागतं ते शिक्षण नाही. त्यांना नर्स पाहिजे, इलेक्ट्रिशियन पाहिजे. बी.कॉम.ला कोण बोलावतं? दोनदा व्हिसा मागितला, दोनदा नाही म्हणाले." मग म्हणाली, "माझ्या मार्कांवर किती जणी पोचल्यात तिकडे. एकीचा नंबर माझ्याकडे आहे. तिला मी माहीत नाही. ती स्टेटस टाकते, मी बघते. परवा तिने बर्फातली सायकल टाकली होती."

ती हे रडून सांगत नव्हती. नात्यातल्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगत होती.

तिच्या जबाबाने नर्स मुलगी सुटत नव्हती. एजंटचा फोन बंद होता. स्त्री आरोपीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, म्हणून निर्णय संध्याकाळच्या आत व्हायला हवा होता. साहेब दर थोड्या वेळाने दारात येऊन घड्याळाकडे बघून जात.

दुपारी वडील आले. सकाळी मुलीला केंद्रावर सोडून ते मिलमध्ये गेले होते. तिथून निरोप मिळाल्यावर थेट आले. बोटांच्या कडांना निळा रंग तसाच होता. आरोपीच्या नातेवाइकांचं येणं ठाण्याला पाठ असतं. आल्या आल्या आवाज चढतो, पोलिसांना किंवा समोरच्या पार्टीला शिव्या पडतात. आपल्या मुलीच्या नावावर परीक्षेला बसायला आलेली पोरगी शेजारच्या खोलीत आहे, हे हेड कॉन्स्टेबल बेननी त्यांना दारातच सांगितलं होतं. मी शिव्यांची वाट बघत होते.

त्यांनी पिशवीतून खमणचे दोन पुडे काढले. "बेन, हाई एक मन्ही पोरले द्या. अन् हाई दुसरं त्या पोरले. तीबी सकायपासून उपाशी व्हई."

मी पुडे हातात घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या बापाच्या मुलीचं आयुष्य कोणी तोतयाने धोक्यात आणलंय, तो त्या तोतयासाठी खमण आणत नाही. खजील झालेला माणूस आणतो.

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "हाई सगळं मी करं, बेन. तिले काहीच माहीत नही."

दाराशी मुलगी उभी होती. बेन तिला पाणी द्यायला बाहेर आणत होत्या. तिने ऐकलं.

"पप्पा?"

ते तिच्याकडे बघेनात.

"मी परत नापास होईन असं वाटलं तुम्हाला? रोज पहाटे उठून अभ्यास करत होते, तुम्हीच चहा करून देत होता ना? मला येत नाही असं वाटलं?"

"तुले येस, बेटा. तुले सगळं येस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन त्या लोके फी घेत नहीत, बेन. कोनी मानूस बी नही मधमा. आपल्याकडे साधं रेशन कार्ड मानूसशिवाय व्हत नही. फुकट मा कोन जर्मनीले लई जास? मी म्हटलं, ही पोर वाट देखत राही अन् वय निंघी जाई. म्हनून पक्कं करं."

"पक्कं केलं," मुलगी म्हणाली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पक्कंच होतं ते!"

मग ती माझ्याकडे वळली आणि एका दमात म्हणाली, "मॅडम, मीच केलं लिहा. यांना शुगर आहे."

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना दोघांचाही विश्वास वाटेना. त्यात त्यांची चूक नव्हती. बाप मुलीसाठी गुन्हा अंगावर घेतो, हे आम्ही महिन्याआड बघत असू. "काका खोटं बोलतायत," ते म्हणाले. "मुलीला येत असतं तर तोतयाची गरज काय? येतं का हिला, कोण सांगणार? तुम्हाला कळतं जर्मन?"

मला कळत नव्हतं. तेव्हा आतून दुसरीचा आवाज आला. "मला कळतं, साहेब. मी बोलू का तिच्याशी?"

साहेब हसले. "आरोपीने परीक्षा घ्यायची? चालो, हेपण बघू."

महिला हेल्प डेस्कच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. दुसरीने केस मागे सारले, खुर्ची जरा पुढे ओढली आणि एक प्रश्न विचारला. तिचा आवाज बदलला होता. शिक्षिकेचा झाला होता.

नर्स मुलगी अडखळली. पदराशी खेळावं तशी ओढणीच्या टोकाशी खेळली. मग बोलायला लागली. आधी तुटक, मग लांब वाक्यं. एका जागी दुसरीने एक शब्द दुरुस्त केला, तिने तो मान हलवून परत म्हटला आणि पुढे गेली. दुसरीने आणखी काही विचारलं, त्यावर ती चक्क हसली. मग दुसरीही हसली. थोडा वेळ त्या दोघी आमच्या ठाण्यात नव्हत्याच. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कोणीतरी मोटारसायकल चोरीची फिर्याद देत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि आत या दोघी अशा कुठल्यातरी गावात होत्या, जिथे दोघींपैकी एकही कधी गेली नव्हती.

त्या थांबल्यावर मी विचारलं, "काय बोललात?"

"मी विचारलं, तू राहतेस ती जागा कशी आहे," दुसरी म्हणाली. "ती कोसाडबद्दल सांगत होती. पाण्याची टाकी, रिक्षावाले, गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या. मी विचारलं, तिकडे गेल्यावर कशाची आठवण येईल. ती म्हणाली, पप्पा भाकरी करपवतात त्या वासाची." मग साहेबांकडे बघून म्हणाली, "तोंडीत एवढंच असतं, साहेब. ही पास झाली असती. आरामात."

वडील दाराबाहेर उभे होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अशा गोष्टीला पुराव्यात काही किंमत नसते आणि ती मी केस डायरीत लिहिली नाही. पण साहेब बाहेर जाताना म्हणाले, "उतावळ नको. एजंट मिळू दे." त्या दिवशी नर्स मुलीचं नाव आरोपींत गेलं नाही.

एजंट तिसऱ्या दिवशी वलसाडला बहिणीच्या घरी सापडला. बोलायला वेळ लावला नाही. काका एकटेच आले होते, मुलीच्या आधारची झेरॉक्स घेऊन. मुलीला कळता कामा नये, असं दोनदा बजावून गेले होते. मुलगी स्वतः त्याच दिवशी परीक्षेला बसणार आहे, हे त्याला सांगितलंच नव्हतं. काकांना वाटलं होतं, दोन्हीकडून अर्ज असला तर एक तरी लागेल.

एजंट, तोतया मुलगी आणि वडील आरोपी झाले. नर्स मुलगी साक्षीदार. मी तिचा जबाब घेतला तेव्हा वडिलांविरुद्धचं प्रत्येक वाक्य तिने स्वतः वाचलं आणि सही केली. तिच्यासमोर दुसरा रस्ता मी ठेवला नव्हता. खरं तेच लिहायचं होतं. तरी ती सही करत असताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

दुसरी जामिनावर सुटल्यावर एकदा मला भेटायला आली. तिकडे कामाचं प्रशिक्षण घेता घेता पगार मिळतो, अशी एक योजना तिला सापडली होती. बी.कॉम. चालत होतं. एजंट लागत नव्हता. वेबसाइटचं पान तिने मोबाइलवर मला दाखवलं, नीट, ओळ न् ओळ. "हे आधी मी शोधलंच नाही," ती म्हणाली. "क्लिअरन्स मिळेल का?"

"केस संपेपर्यंत नाही."

तिने मान हलवली आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. तिचं काय झालं, मला माहीत नाही.

पोलीस ट्रेनिंगमध्ये गुन्ह्याचे हेतू शिकवतात. लोभ, सूड, भीती, वासना. कुठेतरी जावंसं वाटणं हा हेतू तिथे नव्हता. पुढे कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी परदेशाचा विषय काढून आली, की मी एवढंच सांगायचे: संस्थेची नोंदणी आधी तपासा, नोकरीचं पत्र स्वतः वाचा, परीक्षा स्वतः द्या, आणि हे सगळं घरच्यांना समोर बसवून दाखवा. शेवटची गोष्ट कोणी करत नाही. मुलं कॉम्प्युटरवर रस्ता शोधतात आणि आईबाप त्यांच्या पाठीकडे बघत असतात. त्या पाठीमागे किती भीती साठते, हे मी त्या खमणच्या पुड्यांमुळे शिकले.

केंद्राने नर्स मुलीला पुढची तारीख दिली. हॉस्पिटलने पत्र मागे घेतलं नाही. ती पास झाली. तिच्या भागातल्या ठाण्याने क्लिअरन्ससाठी आमच्याकडे विचारणा केली, तेव्हा "सदर गुन्ह्यात केवळ साक्षीदार, प्रतिकूल काही नाही" हे उत्तर मी स्वतः टाइप केलं.

जामिनाच्या अटीप्रमाणे वडिलांना दर सोमवारी आमच्याकडे हजेरी होती आणि गुजरातबाहेर जायला कोर्टाची परवानगी लागत होती. मुलीचं विमान मुंबईहून, तेही सोमवारी. परवानगीचा अर्ज करा, मी सांगितलं होतं. त्यांनी केला नाही. "पोरनं नाव परत कोर्ट मा नको," एवढंच म्हणाले.

त्या सोमवारी ते नेहमीसारखे आले, सही केली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुरत स्टेशनवर पहाटेच्या गाडीत तिला बसवून आले होते. सही झाल्यावर ते निघाले नाहीत. भिंतीपाशी तक्रारदारांचं बाकडं आहे, त्याच्या टोकाला बसले. ठाण्यात रोजची ये-जा चालू होती. तासाभराने मी परत बाहेर आले तरी ते तिथेच.

"काका, हजेरी झाली ना. आता घरी जा."

ते उठायला लागले. मग परत बसले.

"जाईसन काय करू, बेन?" ते म्हणाले. "घर कोनीच नही."

हेड कॉन्स्टेबल बेननी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या तक्रारदाराला बाकड्यावर जरा सरकून बसायला सांगितलं.