मागच्या गेटचा फॉर्म

मरोळच्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करणारी एक टीम होती. टीम कसली, मी आणि एक टायपिस्ट. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात कॉलेजची तीन मुलं दोन महिन्यांसाठी आमच्याकडे काम शिकायला आली. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. "रस्ता तरी ओलांडता येतो ना, की तेही मीच शिकवू?" असं पहिल्याच दिवशी विचारलं. दोन पोरं हसली. तिसरी, वाकोल्याची मुलगी, हसली नाही.

अपघातांचे जुने फॉर्म वाचून माहिती कार्डांवर उतरवायची, हे त्यांचं काम. कुणी कुणाची बाजू घेऊ नये म्हणून फॉर्मवरच्या नावांवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्याचा मला भारी अभिमान.

दुसऱ्या आठवड्यात ती एक फॉर्म घेऊन टेबलाशी आली. सकाळची पाळी, मागचं गेट, सायकलवरून येणारा कामगार, बाहेर पडणारा ट्रक. जागीच मृत्यू.

"सर, हे माझे बाबा. तारखेवरून कळलं. हा कागद बघायलाच मी इथे आले."

कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, सायकलस्वाराने समोर पाहिले नाही.

"काका-मामा पण हेच म्हणतात. आई ऐकत नाही. बाबांची चूक नव्हती म्हणून चार वर्षं सगळ्यांशी भांडतेय. तुम्ही तिथे जाऊन बघितलं होतं ना, सर?"

कुठला बघतोय! ट्रकवाल्याने याच टेबलाशी बसून सांगितलं, ते मी लिहून घेतलं होतं. मेलेल्या माणसाला विचारणार कोण? पण ती दोघं पोरं बघत होती आणि मी त्यांचा साहेब होतो.

"बघितलं होतं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मागच्या गेटवर गेलो. गोदामाची भिंत पार रस्त्यापर्यंत आलेली. ट्रकचं तोंड रस्त्यात येईपर्यंत सायकलवाल्याला काही म्हणजे काही दिसलं नसतं. वॉचमन म्हणाला, भिंत पहिल्यापासूनची आहे. मला तिथेच रडू फुटलं. सकाळी तिला सांगायचंच, असं ठरवून घरी गेलो.

सकाळी ती माझ्याआधी येऊन बसली होती.

"आईला सांगितलं, सर. ती म्हणाली, एवढी वर्षं मी उगाच माणसं तोडली."

आज सांगू, उद्या सांगू करत त्यांचे दोन महिने संपले. पोरीला त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरी भीती माझ्या अब्रूची होती.

शेवटच्या दिवशी पोरं हात हलवून निघून गेली. ती मागे राहिली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"सर, आम्हाला जाऊन, बघून, खरं सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.